रिमवर मारलं तरी टॉमच वाजतो : दोन झोनचे पॅड, एक मॉड्यूल आणि तोंडावर आलेली हळद

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधल्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीचं आहे. हळदी, साखरपुडे, रिसेप्शन, नवरात्रात सोसायट्यांचे कार्यक्रम अशा सुपाऱ्या घेणारी ही पार्टी. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्यांच्यात वाजवत नाही, पण त्यांचं वायरिंग आणि साऊंडची दुरुस्ती माझ्याकडे असते.

पार्टीचे मालक कीबोर्ड वाजवतात. सगळे त्यांना काका म्हणतात. ड्रमर तरुण मुलगा, दिवसा अंबडला कंपनीत असतो, संध्याकाळी रियाजाला पंचवटीत काकांच्या तळमजल्यावरच्या खोलीत येतो. कित्येक वर्षं पार्टीचा थाट ठरलेला होता : स्टँडवर ऑक्टापॅड म्हणजे काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, शेजारी खरा स्नेअर म्हणजे कडक वाजणारा चपटा ड्रम, दोन झांजा आणि पायाखाली बेस ड्रम. कार्यक्रमात ते खुलून दिसायचं, पण रियाजाची पंचाईत व्हायची. खऱ्या स्नेअरला आवाजाचं बटण नसतं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी दोनदा काठी आपटली, तिसऱ्यांदा त्यांचा मुलगा खाली आला. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, हे त्याने मोबाईलवर दाखवलं. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला भाग तर गंगापूर रोडकडच्या लॉन्सवाल्यांना आता तोंडपाठ आहे. दहाला पाच कमी असताना मॅनेजर स्टेजपाशी येऊन उभाच राहतो.

म्हणून काकांनी जुना, वापरलेला इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट घेतला. सोबत मॉड्यूल (पॅडवरचा फटका ओळखून आवाज देणारा डबा), दोन आठ इंची रबरी पॅड, बेस ड्रमचा पॅड, हायहॅट आणि दोन झांजा आल्या. रबरी पॅड ड्रमरच्या मनगटाला मानवेनात, तेव्हा त्याने स्वतःच्या पैशाने तीन दहा इंची मेश पॅड ऑनलाइन मागवले. ते दुसऱ्या कंपनीचे होते. जाळीचं कातडं, खऱ्या ड्रमसारखा हूप म्हणजे कडेचं कडं, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘ड्युअल झोन’, म्हणजे मध्ये आणि कडेला दोन वेगळे आवाज. मॉड्यूलच्या माहितीपत्रकातही टॉमची (गोल, घुमणाऱ्या ड्रमची) इनपुटं ड्युअल झोन असल्याचं छापलेलं होतं. दोन्हीकडे एकच शब्द पाहून कोणालाही वाटेल की काम झालं.

मेशच्या मधल्या भागावर टॉम आणि रिमवर म्हणजे कडेवर हलगी, हे ड्रमरच्या डोक्यात पक्कं होतं. हळदीच्या गाण्यांत हलगीचा तो कडक ठेका आला की माणसं खुर्च्यांवरून उठतात. त्याने हलगी, ताशा आणि संबळाचे आवाज मॉड्यूलमध्ये भरूनही ठेवले होते.

अडचण

मला फोन आला तो थेट निदानासकट. “दादा, मॉड्यूल गेला. काही मारलं तरी हलगीच वाजते.”

जाऊन पाहिलं तर खरंच तसं होतं. तिन्ही टॉमवर मध्ये मारा नाहीतर कडेला मारा, रिमचाच आवाज. क्रॅशची झांज वाजता वाजता गळा दाबल्यासारखी ‘ठस्’ होऊन थांबत होती. स्नेअर आणि बेस ड्रम मात्र ठीक होते.

झांजेनेच चावी दिली. या जातीच्या झांजेच्या कडेला आत पट्टीसारखा स्विच असतो. वाजवून झाल्यावर कड चिमटीत धरली की तो स्विच बंद होतो आणि मॉड्यूल आवाज कापतो. इथे कोणी न धरताच आवाज कापला जात होता, म्हणजे मॉड्यूलच्या मते कड कायम धरलेली होती. केबल उपसून बघितली तर पिनेवर एकच काळी रेघ. गिटारची केबल.

यात नवल काही नाही. ऑर्केस्ट्राच्या पेटीत क्वार्टर इंची केबल म्हणजे गिटारची आणि कीबोर्डची, म्हणजेच मोनो, दोनच जोडांची. सेटसोबत आलेल्या मूळ केबली कमी पडल्या तेव्हा ड्रमरने पेटीतून काढून जोडल्या. पीन तीच, जॅक तोच, आत बसतेही घट्ट. दोन झोनच्या पॅडला मात्र तीन जोड लागतात : टोकावर म्हणजे टिपवर मधल्या सेन्सरचा सिग्नल, मधल्या कड्यावर म्हणजे रिंगवर रिमचा, आणि मागच्या लांब भागावर म्हणजे स्लीव्हवर ग्राउंड. मोनो पिनेचा लांब स्लीव्ह जॅकमधल्या रिंगच्या आणि ग्राउंडच्या दोन्ही पत्त्यांना एकदमच टेकतो. मॉड्यूलला वाटतं, रिमचा स्विच कोणीतरी दाबून धरलाय, आणि त्या समजुतीवर तो प्रत्येक फटक्याला रिमचा आवाज देतो.

केबली बदलल्या. तीन जोडांच्या स्टिरिओ लावल्यावर झांज सुटली, रबरी पॅड मध्ये टॉम आणि कडेला हलगी असे शहाण्यासारखे वाजू लागले. सगळ्यांना हायसं वाटलं. मग मेश पॅडच्या रिमवर काठी पडली आणि हलगीऐवजी दबलेला टॉम वाजला. पुन्हा मारलं, पुन्हा टॉम. चांगला सणसणीत फटका दिला तर एकदाच हलगी वाजली, पुढच्या फटक्याला परत टॉम.

त्या एका हलगीने पुढचे बरेच तास खाल्ले.

पहिला निर्णय : बटणं फिरवायची की मीटर काढायचा

अजिबात वाजत नसतं तर कोणीही वायर तपासली असती. कधीमधी वाजत होतं म्हणून सगळ्यांचा समज झाला की हा सेन्सिटिव्हिटीचा प्रश्न आहे. ड्रमरने रिमची सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर नेली, थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोरापासून फटका मोजायचा ती पातळी, खाली आणला, कर्व्ह बदलला. हलगी तरी तशीच लहरी. वर आता टॉम एकावर मारलं की टॉम दोनही बारीक बोलू लागला, कारण सगळे पॅड एकाच पाइपाच्या रॅकवर होते आणि थ्रेशोल्ड इतका खाली आणलेला की पाइपातून आलेला धक्कासुद्धा फटका म्हणून मोजला जात होता. मूळ दुखणं एक, त्यावर औषधांनी उठवलेली दोन.

मी सगळं फॅक्टरी सेटिंगवर आणायला लावलं. ड्रमर नाराज झाला, पण कुठलं बटण कशासाठी फिरवलं होतं हे त्यालाही आठवत नव्हतं.

मग मीटर. हे जरा सविस्तर सांगतो, कारण घरी कोणालाही करता येतं आणि पॅड उघडावा लागत नाही. पॅडमध्ये खात्रीची स्टिरिओ केबल घातली आणि तिची दुसरी पीन मोकळी ठेवून तिच्यावर मीटरच्या काड्या लावल्या. आधी कंटिन्युइटी (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का), रिंग आणि स्लीव्हमध्ये. रबरी पॅडची कड अंगठ्याने दाबली की मीटर ‘पीऽ’ करतो, सोडली की गप्प. म्हणजे तिथे स्विच आहे. मेश पॅडचा रिम दाबला, पिळला, ठोकला, मीटर ढिम्म. मग मीटर कपॅसिटन्सवर टाकला. टिप आणि स्लीव्हमध्ये वीसेक नॅनोफॅरड, रिंग आणि स्लीव्हमध्येही जवळपास तेवढेच. पीझोची चकती, म्हणजे धक्का बसला की वीज तयार करणारा सेन्सर, हा पितळी पत्र्यावर सिरॅमिकचा थर, विजेच्या हिशेबात एक छोटा कपॅसिटरच. २७ मिलिमीटरच्या चकतीची धारिता साधारण याच घरात भरते. रिंगवर हा आकडा दिसला म्हणजे रिमलाही दुसरी पीझो चकती आहे, स्विच नाही. मीटर एसी मिलिव्होल्टवर टाकून रिमवर बोटाने टिचकी मारली तेव्हा आकडा उसळला, त्यावरून चकती जिवंत असल्याचीही खात्री झाली.

आता चित्र स्पष्ट होतं. बाजारात दोन झोनचे पॅड मुख्यतः दोन जातींचे मिळतात. पहिल्या जातीत मध्ये पीझो आणि कडेला स्विच. रबरी पॅड आणि झांजा बहुतेक अशा असतात, कारण रबराच्या कडेखाली स्विचची पट्टी सहज बसते. दुसऱ्या जातीत मध्ये पीझो आणि रिमलाही पीझो. रोलँड कंपनीने १९९७ साली टीडी-१० या मॉड्यूलसोबत जाळीची कातडी आणली आणि मेश पॅड खऱ्या ड्रमसारखे कवच आणि हूप घेऊन आले. तिथे हूपवर पडलेला फटका कवचाला चिकटवलेल्या चकतीने पकडणं सोपं जातं.

दोन्ही जातींत मॉड्यूलचं डोकं वेगळं चालतं. पीझो-स्विच पद्धतीत फटका किती जोराचा हे मधला पीझो सांगतो, आणि त्या क्षणी स्विच बंद होता का एवढंच मॉड्यूल रिंगवर बघतो. पीझो-पीझो पद्धतीत तो दोन चकत्यांच्या सिग्नलची तुलना करून फटका मधला की रिमचा हे ठरवतो. आमच्या मॉड्यूलच्या टॉम इनपुटांना फक्त पहिली पद्धत येत होती. स्नेअरच्या इनपुटाला दोन्ही येत होत्या, मेनूत पॅडचा प्रकार निवडायचा. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावरच्या बारीक तक्त्यात हे लिहिलेलं होतं. ते पान तोवर कोणी उलटलं नव्हतं.

राहिली ती अधूनमधून वाजणारी हलगी. स्विचच्या इनपुटावर मॉड्यूल रिंगला थोडा व्होल्टेज देऊन ठेवतो आणि तो शून्याकडे पडला की ‘दाबलं’ असं धरतो. पीझोचा सिग्नल फटक्यानंतर वर-खाली हेलकावतो. सणसणीत फटक्यात एखादा हेलकावा बरोबर वेळेला खाली आला की मॉड्यूल फसतो. सेटिंग कितीही घासलं तरी हा योगायोगच राहतो.

समोरचे पर्याय

कार्यक्रम पुढच्याच आठवड्यात होता. हळद, गंगापूर रोडला लॉन, बयाणा घेतलेला.

काकांचं पहिलं म्हणणं सरळ होतं : मेश पॅड विकून टाक आणि मॉड्यूलच्याच कंपनीचे घे. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात बिनघोर पर्याय. पण नवे पॅड म्हणजे दोन-तीन सुपाऱ्यांची कमाई, वापरलेले आठवडाभरात मिळतील याची खात्री नाही, आणि पैसे ड्रमरचे.

ड्रमरचा एक मित्र सातपूरला पॅनल वायरिंग करतो. त्याने ट्रान्झिस्टरचा उपाय सुचवला. रिमच्या पीझोचा सिग्नल एका छोट्या ट्रान्झिस्टरच्या बेसला द्यायचा आणि ट्रान्झिस्टरने क्षणभर रिंगला ग्राउंडशी जोडायचं, म्हणजे मॉड्यूलला स्विच दाबल्याचा भास होईल. खर्च नगण्य, कल्पना चोख. मी नको म्हटलं ते कल्पनेमुळे नाही. आठवड्यावर कार्यक्रम असताना प्रत्येक पॅडच्या पोटात नवं सर्किट घालायचं म्हणजे बिघडायच्या जागा वाढवायच्या. आणि मला आणखी एक शंका होती, ती पुढे येईलच.

तिसरा पर्याय सिग्नल फोडण्याचा. पॅडच्या टिप आणि रिंगचे दोन सिग्नल वेगळे करून दोन वेगळ्या इनपुटांना द्यायचे. हे पीझो-पीझो पॅडलाच जमतं. स्विच स्वतः वीज तयार करत नाही, त्याला एकट्याला इनपुटावर लावून काही वाजत नाही. अडचण अशी की असे दोन टॉम फोडायचे तर दोन जादा इनपुटं लागणार, आणि मॉड्यूलवर मोकळं होतं एकच.

चौथा पर्याय तांत्रिक नव्हताच. मी ड्रमरला विचारलं, “रिम तुला नक्की कुठे-कुठे लागतो?” तो म्हणाला सगळीकडे. मग त्याला हळदीच्या कार्यक्रमाची गाण्यांची यादी काढायला सांगितली आणि एकेका गाण्यावर बोट ठेवून विचारलं. संथ गाण्यांत स्नेअरच्या रिमची ‘टक’ हवी, ती नसली तर गाणं उभं राहत नाही. हलगी हवी, पण ती नेहमी उजव्या हाताच्या मोठ्या टॉमवरूनच यायची. डाव्या टॉमच्या रिमवर एका गाण्यात काउबेल होती. मधल्या टॉमच्या रिमवर काहीच नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास तो होता. तोवर आम्ही ‘सगळे रिम चालू करायचे’ हे ध्येय धरून बसलो होतो. ते वाजवणाऱ्याचं नव्हतं, खोक्यावरच्या छपाईने गळ्यात घातलेलं होतं.

काय केलं

एक मेश पॅड स्नेअरवर गेला. मेनूत त्या इनपुटाचा पॅडचा प्रकार बदलून पीझो-पीझो केला आणि रिम पहिल्याच फटक्याला बोलला. इथे क्रम महत्त्वाचा. या मॉड्यूलवर प्रकार बदलला की त्या इनपुटाची बाकीची सेटिंगं आपोआप मूळ आकड्यांवर येतात, म्हणून प्रकार सगळ्यात आधी, मग सेन्सिटिव्हिटी आणि थ्रेशोल्ड, मग रिमची सेन्सिटिव्हिटी, आणि सगळे पॅड रॅकवर घट्ट बसल्यावर शेवटी क्रॉसटॉक, म्हणजे एका पॅडच्या फटक्याने दुसरा बोलू नये याचं सेटिंग. उलट क्रमाने केलं की केलेलं पुसलं जातं.

एक रबरी पॅड डाव्या टॉमला आला. रिमला स्विच, इनपुटाला स्विच समजतो, काउबेल मिळाली. मेशऐवजी रबर म्हणून ड्रमरने तोंड वाकडं केलं, पण मानलं.

दुसरा मेश पॅड मधल्या टॉमला, फक्त मधला झोन. इथे पेटीतली मोनो केबल चालेल असं काकांना वाटलं. चालणार नव्हती, मोनो लावली की पुन्हा प्रत्येक फटका रिमचा. रिंग ग्राउंडला लागता कामा नये, ती अधांतरी हवी. म्हणून एक स्टिरिओ केबल घेतली, मॉड्यूलकडच्या पिनेचं टोपण उघडलं, रिंगची लाल तार डाग वितळवून सोडवली, उघडं टोक कापून श्रिंक ट्यूबमध्ये झाकलं. बाहेरून ही केबल इतरांसारखीच दिसते, म्हणून पिनेच्या मानेवर पिवळी ट्यूब चढवली. पिवळी केबल फक्त मधल्या टॉमची, असं मॉड्यूलच्या पाठीवर मार्करने लिहिलंही.

तिसरा मेश पॅड उजव्या मोठ्या टॉमला, हलगीसह. याचा सिग्नल फोडला. मिक्सरला कंप्रेसर जोडायची इन्सर्ट केबल पेटीत होतीच : एकीकडे स्टिरिओ पीन, दुसरीकडे दोन मोनो. टिपची शेपटी टॉम तीनमध्ये, रिंगची ऑक्स नावाच्या त्या एकाच मोकळ्या इनपुटात. लावली, आणि टॉम तीन पुन्हा रिमच्या आवाजात वाजू लागला. कारण तेच, शेपटीची पीन मोनो. यावर ड्रमरने तोड काढली : टॉम तीनच्या रिमलाही टॉमचाच आवाज देऊन टाकायचा, मग मॉड्यूल काहीही समजो. युक्ती झकास, पण ती प्रत्येक किटमध्ये (मॉड्यूलमधल्या आवाजांच्या संचात) वेगळी सेव्ह करावी लागते, आणि कार्यक्रमात किट बदललं की विसरलेल्या जागी हलगी वाजणार. म्हणून त्या शेपटीची मोनो पीन कापून स्टिरिओ पीन लावली, रिंग रिकामी ठेवून. डाग द्यायला जेमतेम दहा मिनिटं गेली असतील.

याहून खरी डोकेदुखी वेगळी होती. दोन सेन्सर एकाच इनपुटावर असतात तेव्हा मॉड्यूलला माहीत असतं की ते एकाच पॅडचे आहेत, म्हणून तो तुलना करून एकच आवाज निवडतो. फोडल्यावर त्याच्या लेखी ते दोन वेगळे पॅड. मध्ये मारलं की कवच थरथरतं, रिमची चकती तेवढ्यानेही बोलते, आणि टॉमसोबत हलगी. ऑक्सचा थ्रेशोल्ड वर नेला आणि टॉम तीनकडून ऑक्सकडे क्रॉसटॉक कॅन्सल वाढवत नेला, तेव्हा कुठे मधल्या जोरदार फटक्यावर हलगी गप्प राहू लागली. त्याची किंमत म्हणजे रिमवर हलका हात चालत नाही, हलगी हवी तर मनगट झटकून मारावं लागतं. स्नेअरच्या रिमबाबत ही तडजोड मी केली नसती. हलगीला ती चालते, हलगी कोणी हळू वाजवत नाही.

कार्यक्रमाची रात्र

साऊंड चेक दुपारी झाला, पण बेसच्या पेट्या तोवर आल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी आल्या आणि लाकडी पाट्यांच्या स्टेजच्या अगदी पोटाशी लावल्या गेल्या. नवरी मंडपात येतानाच्या गाण्यात बेस घुमला आणि हलगी आपोआप वाजू लागली. काठ्या ड्रमरच्या मांडीवर, तरी कडाड कडाड. काकांनी कीबोर्डवरून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर करून दाखवले.

पाट्यांमधून चढलेली थरथर रॅकच्या पाइपातून रिमच्या चकतीपर्यंत पोचत होती, आणि ऑक्स एकटाच असल्याने तो फटका खोटा आहे हे ओळखायला तुलनेला काही नव्हतं. ड्रमरने त्या किटमध्ये ऑक्सचा आवाज शून्य केला आणि गाणं निभावलं. सुटीत रॅकच्या पायांखाली मंडपवाल्याची सतरंजी चार घड्या करून सरकवली, ऑक्सचा थ्रेशोल्ड आणखी थोडा चढवला, आणि मंडपवाल्याला विनवून बेसच्या पेट्या स्टेजपासून हातभर पुढे घेतल्या. या तिन्हींतल्या नेमक्या कशाने गुण आला ते सांगता येणार नाही, सगळं एकदमच केलं. पुढच्या गाण्यांत हलगी काठी पडली तेव्हाच वाजली. दहाला मॅनेजर आला, तेव्हा शेवटच्या गाण्याची दोन कडवी उरली होती. ती तशीच उरली.

नंतरचा प्रयोग

सीझन ओसरल्यावर सातपूरच्या मित्राने ट्रान्झिस्टरचं सर्किट मधल्या टॉमच्या पॅडात बसवून पाहिलं. घाई नव्हती, म्हणून मीही आड आलो नाही. सर्किट चाललं. रिमवर मारलं की रिंग ग्राउंडला जायची आणि मॉड्यूल रिमचाच आवाज निवडायचा, न चुकता. पण तो आवाज पुटपुटल्यासारखा यायचा.

माझी शंका हीच होती. स्विच पद्धतीत आवाजाचा जोर मधल्या पीझोवरून ठरतो. रबरी पॅडमध्ये कडेवरचा फटका रबर आणि खालच्या पत्र्यातून थेट मधल्या चकतीपर्यंत जातो. या मेश पॅडमध्ये मधली चकती जाळीखालच्या फोमच्या शंकूखाली आहे, आणि हूपवरचा फटका तिच्यापर्यंत फार क्षीण पोचतो. सेन्सिटिव्हिटी वाढवून पाहिली तर रिम ऐकू आला, पण मधला टॉम हलक्या हातालाही पूर्ण जोराने दणकू लागला. दोन्ही साधेनात. सर्किट काढून ठेवलं. वेगळ्या बांधणीच्या पॅडात ते चांगलं चालू शकेल.

पुन्हा करायचं झालं तर

पॅड मागवण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवे होते : या पॅडच्या रिमला स्विच आहे की पीझो, आणि माझ्या मॉड्यूलचं कोणतं इनपुट त्यातलं काय समजतं. दुसऱ्याचं उत्तर माहितीपत्रकाच्या तक्त्यात होतं. पहिल्याचं विक्रेत्याच्या पानावर नसलं तर वापरणाऱ्याकडून मीटरचा एक फोटो मागवता येतो. त्याला फारतर मिनिटभर लागेल. वापरलेला सेट घेताना तर प्रत्येक पॅडचे दोन्ही झोन त्याच मॉड्यूलवर वाजवून दाखवायला सांगावं, सोबतच्या केबलींसकट.

पेटीतल्या केबली त्याच आठवड्यात वेगळ्या केल्या. मोनोंवर काळी ट्यूब, पॅडच्या स्टिरिओंवर निळी, रिंग तोडलेल्यांवर पिवळी. हे आधीच असतं तर पहिली संध्याकाळ वाचली असती.

साऊंड चेक बेसच्या पेट्या लागल्याशिवाय झाला असं धरायचं नाही, असं आता काकांनी मंडपवाल्यांना सांगून ठेवलंय. मंडपवाले हो म्हणतात आणि पेट्या संध्याकाळीच आणतात. म्हणून प्रत्येक किटची एक जादा प्रत ऑक्स बंद ठेवून सेव्ह केली आहे. हलगी अंगात आल्यासारखी वाजू लागली तर एका बटणावर तिथे जाता येतं.

एक पर्याय तेव्हा टेबलावर आलाच नाही. पार्टीच्या जुन्या ऑक्टापॅडच्या पाठीवर बाहेरचे पॅड लावायची ट्रिगर इनपुटं आहेत. मोठा टॉम तिथे लावला असता तर मॉड्यूलचं ऑक्स मोकळं राहिलं असतं, आणि ते इनपुट पीझो-पीझो समजत असेल तर फोडाफोडीही टळली असती. पण ऑक्टापॅड त्या महिन्यात एका बँजो पार्टीला भाड्याने गेला होता, आणि जे समोर नव्हतं ते कोणाच्या डोक्यात आलं नाही. तो परत आला की आधी त्याच्या माहितीपत्रकातला इनपुटांचा तक्ता बघायचा आणि मग तिसरा मेश पॅड लावून पाहायचा, असं ठरलंय.